नोराच्या घरचा पाळणा

मी एक जुना पाळणा आहे, मित्रांनो. छताला टांगलेला नाही, वाकड्या लाकडी पट्ट्यांवर उभा राहून डुलणारा. आयर्लंडच्या एका खेड्यात, दलदलीतून खणून काढलेल्या लाकडातून नोराच्या नवऱ्यानं मला घडवलं. घर दगडी, छप्पर गवताचं. चुलीत दलदलीच्या वाळवलेल्या मातीच्या विटा धुमसायच्या. ती चूल विझू द्यायची नाही, असा तिथला नेम. रात्री निखारे राखेखाली झाकत, सकाळी फुंकून जागे करत. पऱ्या लोखंडाला भितात म्हणे; त्यांनी बाळाला पळवू नये म्हणून नोरा माझ्यावर लोखंडी चिमटा आडवा ठेवायची.

तिची सगळी लेकरं मी जोजवली. धाकटा मात्र एका हिवाळ्यात तापानं गेला. तरी नोरा चुलीपाशी बसून मला हलवतच राहिली. पुढे तीही गेली. तिचा हात मात्र माझ्यावरून गेला नाही.

तिच्या मुलीनं मला बोटीतून अमेरिकेत आणलं. पेनसिल्व्हेनियात एका माळ्यावर मी वर्षानुवर्षं धूळ खात पडलो. मग तिथल्याच स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या सुलेखाकाकूंनी मला विकत घेतलं, येणाऱ्या नातवासाठी. पण त्यांच्या सुनेचं, सावनीचं, बाळ जन्मलं ते श्वास न घेताच. माझ्या खोलीचं दार बंद झालं. बाळाबद्दल घरात कुणी बोलेना.

एका दुपारी बाहेर बर्फ पडत होता. सावनी दार उघडून आत आली. मी हळूहळू डुलत होतो. मागून काकू आल्या आणि थबकल्या.

“सावनी, रिकामा पाळणा हलवू नये गं!”

“आई, मी हात नाही लावला.”

तिचा नवरा शैलेंद्र दारातूनच म्हणाला, “हीटिंग चालू झालं की फ्लोअर व्हायब्रेट होतो. आपण हा डोनेट करून टाकू या, प्लीज.”

“नको,” सावनी म्हणाली. “धुराचा वास येतोय. कुणीतरी बसलंय इथे.”

ती घाबरली नाही. माझ्याजवळ जमिनीवर बसली. “आई, त्याचं बारसं राहिलं ना?”

काकू जन्मभर बाळांच्या डॉक्टर होत्या. त्या गुडघे धरत खाली बसल्या आणि त्यांनीच मला हलकासा झोका दिला. सावनीनं वाकून माझ्या उशाशी नाव सांगितलं. शैलेंद्र आत आला, माझ्या कठड्यावर हात ठेवून हुंदके देऊ लागला. तिघांच्या हातांशेजारी आणखी एक हात होता. गार, खरखरीत, माझ्या ओळखीचा.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना पुसून ठेवा, वाळवीपासून जपा. आणि कुठल्या घरात रिकामा पाळणा दिसला, तर त्यातलं बाळ कोण होतं, हे त्याच्या आईला विचारा. तिला सांगायचं असतं.