मोचेमाडचे उत्तर

१९६४च्या मे महिन्यात मालवणच्या एका शाळेत गणितात हुशार असलेल्या मुलांसाठी चार आठवड्यांचा वर्ग भरला. मी नुकतीच बी.एस्सी. होऊन मोचेमाडला घरी आले होते. सदिश शिकवायला मला बोलावले. सतरा मुलगे आणि एक मुलगी, हिरा. वय पंधरा, मालवणच्याच दांडी किनाऱ्यावरच्या मच्छीमाराची.

वह्या तपासताना उत्तर चुकले तर मी फुली मारायचे, आणि चूक जिथे झाली तिथे लाल गोल काढायचे. नुसती फुली म्हणजे अपमान, असे मी पहिल्याच दिवशी मुलांना सांगितले होते.

दुसऱ्या आठवड्यात प्रवाहातल्या होडीचे उदाहरण घेतले. हिराने विचारले, "बाई, वल्हवणारो कोण नसलो तर?"

"मगे देवचार चालयता!" दोडामार्गचा सत्यवान मागून ओरडला. गावराखण्या भुताचे नाव ऐकून वर्ग हसला.

"देवचार नाय रे, वारो," हिरा म्हणाली. ती हसली नव्हती.

वर्ग सुटल्यावर तिने सांगितले. गेल्या वर्षी फाल्गुनात तिचे वडील सहदेव एकटेच होडी घेऊन गेले. तिच्या मामाने, हरिश्चंद्राने, त्यांना निवती गावासमोरच्या समुद्रात शेवटचे पाहिले. पुढे ना माणूस आला, ना होडी. तेव्हापासून तिची आई पद्मावती रोज भरतीच्या वेळी किनाऱ्यावर उभी राहते. वेळ हिराच काढून देते. तिथीची पाऊणपट: अष्टमीला सहा, दशमीला साडेसात.

"भरती बाबाक परत हाडतली, असा तिका वाटता," हिरा म्हणाली. "होडी खंय गेली ता समाजला तर ती थांबतली."

आठ दिवसांनी तिने वही दिली. त्या तीन दिवसांचा वारा होड्या चालवणाऱ्या चार तांडेलांना वेगवेगळे गाठून विचारलेला. मामाची रिकामी होडी वाऱ्यावर सोडून, मोठ्याने आकडे मोजत तिचा वेग काढलेला. भरतीची ओढ आणि ओहोटीची ओढ एकमेकींना जवळजवळ खोडून काढते, हे मी शिकवले नव्हते. ते तिने स्वतः शोधले होते. शेजारी होडीचे चित्र, डाव्या कुशीवर विड्याच्या पानाच्या आकाराचे ठिगळ. खाली लिहिले होते: 'ठिगळ बाबांनी मारले.'

उत्तर: मोचेमाडच्या खाडीचे तोंड, दोन मैल इकडेतिकडे.

मी गणित तीनदा तपासले. चूक नव्हती.

गेल्या वर्षी फाल्गुन सरताना आमच्या गड्याने, गंगारामने, किनाऱ्यावरून एक फळी उचलून आणली होती. दारापुढच्या व्हाळावर, त्या लहानशा ओढ्यावर, आता तीच साकव म्हणून टाकली आहे. त्या फळीला पानाच्या आकाराचे ठिगळ आहे. घरी आल्यापासून जाता-येता मी नेमका त्या पानावर पाय ठेवत होते. ते दिसायला छान होते म्हणून.

मी लाल पेन्सिल उचलली आणि उत्तरावर फुली मारली.

हिराने वही बराच वेळ पाहिली. "चुकला?"

"वाऱ्याचा अंदाज कच्चा आहे," मी म्हटले.

"बरा झाला," ती हळूच म्हणाली. "मगे आवस उद्याय किनाऱ्यार जातली."

त्या रविवारी मी घरी गेले. साकवावर पाय ठेवताच फळी खालून पोकळ वाजली. ती आधीही तशीच वाजत असणार. त्या दिवशी मी पुन्हा घराबाहेर पडले नाही. रात्रभर कुणीतरी साकवावरून येत असल्यासारखे वाटत राहिले. मोजले तर पावले दरवेळी पानापाशी थांबत.

सोमवारी सकाळी आईने हाक मारली, "गो, तुझी कोण पोर इली हा!"

व्हाळापलीकडे हिरा उभी होती. काखेत वही.

"ये गो, भिया नको, फळी भक्कम आसा," आई म्हणाली.

हिरा आली नाही. ती उकिडवी बसली आणि ठिगळावर तळवा ठेवला. मग बोटाने एकेक खिळा मोजला.

"अकरा," ती म्हणाली. "मीच एकेक करून हातात दिलेले."

"हिरा, तू इथे कशी?"

"तुमी फुली मारलात. गोल खंय मारलात नाय." ती माझ्याकडे बघत नव्हती. "मी तीन दिवस चूक शोधलंय, बाई. गावलीच नाय. म्हणान उत्तर बघूक हंय इलंय."

आई एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती.

हिराने वही उघडून पुढे धरली. फुलीचेच पान.

"ह्या नीट करून द्या. आवशीक दाखवूचा आसा. आज तेरस, रातच्या पावणेधाच्या भरतीआधी घराक पोचाक होया."

मी आतून लाल पेन्सिल आणली. फळीवर मला पाय ठेवता आला नाही. मी कोरड्या व्हाळात उतरले आणि दगडांवरून तिच्याकडे चढून गेले.