आबासाहेबांच्या नंबरावर माझा पगार

शाळेचा कारकून बन्सीधरभाऊला मी तोंडावरच म्हणलं, "मेलेल्या माणसाला पगार देणारी शाळा अख्ख्या सेलू तालुक्यात आपलीच असंल."

तो हसला न्हाई. मला तरी कुठं हसू येत होतं. टेबलावर त्यानंच दिलेला इन्कम टॅक्सचा फॉर्म सोळा पडला होता. नाव आमच्या मालकाचं, म्हंजी माझ्या नवऱ्याचं, पॅन नंबर मालकाचा, आन् वर्षाचा पगार माझा. मालक जाऊन तीन वर्षं झाली. गेल्या साली त्येंच्या जागी मी वालूरच्या ह्या शाळेत अनुकंपावर शिपाई म्हणून लागले. ह्या कारकुनानं हजेरीत आबासाहेब खोडून मनकर्णा केलं आन् कॉम्प्युटरात सगळं हाय तसंच ठेवलं. जागा तीच हाय, मग नंबर कशाला बदलायचा, असं त्याचं डोकं.

माझं तरी कुठं ठिकाणावर होतं? जूनमधी फॉर्म हातात पडला तो तसाच पिशवीत कोंबला. आज सकाळी सेलूला रिटर्न भरणाऱ्या पोराकडं गेले, तर तो म्हणला, मावशी, तुमच्या नंबरावर एक रुपया पगार दिसत न्हाई.

माझ्या लेकीला, निकिताला, नांदेडला नर्सिंगला जागा मिळाली. उद्या पाचच्या आत फी भरली न्हाई तर ती जागा दुसरीला जाणार. बँक कर्ज द्यायला तयार हाय, पण माझ्या नावचं रिटर्न पाहिजे.

"वहिनी, दुरुस्ती आत्ता पाठवतो," बन्सीधर म्हणला. "पण नवा फॉर्म यायला आठ दिवस लागतात."

"मला दोन दिवस बी न्हाईत भाऊ."

तो खाली बघून हळूच म्हणला, "न्हाईतर मालकाच्याच नंबरावर रिटर्न भरून टाकू. त्येंचा मोबाइल चालू हाय ना? ओटीपी तुमच्याकडंच येईल."

माझं टाळकंच सरकलं. "बँकेचा साहेब आमच्या मालकाच्या मातीला आलता. त्याला काय सांगू, उठून बसले म्हणून?"

बन्सीधर गुमान दुरुस्ती भरायला बसला. मला त्याची दया आली न्हाई.

मी बँकेत फोन लावला, पगाराच्या पावत्या आणते म्हणलं. साहेब म्हणले, रिटर्नच लागतंय. कॉलेजात लावला, आठ दिवस द्या म्हणून रडले, अक्षरशः रडले. तिथली बाई म्हणली, उद्या पाचपर्यंतच.

मग निकिताला लावला. ती कालपासून नांदेडलाच मैत्रिणीच्या खोलीवर होती, फी भरायची म्हणून थांबलेली. सगळं सांगितलं. तर ती मलाच समजावायला लागली.

"राहू दे आई. तू रिटायर झालीस की मी तुझ्याच जागी लागते."

"रिटायर झाल्यावर जागा मिळत न्हाई, बाई," मी म्हणले. "मेल्यावर मिळते. तू म्हण, तुला जागा उद्याच मोकळी करून देते."

हे तोंडातून गेलं कसं, मलाच कळलं न्हाई.

"आई, बन्सीकाका हायेत का तिथं?" तिनं लगेच इचारलं. "त्येंना फोन दे. आन् तू तिथंच बसून राहा. कॉलेज मरू दे, मी आत्ता निघते."