हात कापलेली खुर्ची

मित्रांनो, मला चार पाय आहेत, पाठ आहे; हात मात्र नाहीत. मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे, पण घडले तेव्हा अशी नव्हते.

केदारखेड्याच्या कडूबा सुतारांनी मला त्यांच्या मित्रासाठी, देवानंदसाठी बनवले. तो एका कचेरीत हंगामी टायपिस्ट होता. कडूबांनी त्याला टेबलापाशी बसवून कोपराचे माप घेतले आणि माझे हात बरोबर त्या उंचीला लावले. त्याची कोपरे माझ्यावर विसावत, खांदे सैल राहत, बोटे दिवसभर चालत. त्याच्या कागदात खाडाखोड नसे.

मग दुष्काळ पडला. दुष्काळी कामांचे कागद ढिगाने येऊ लागले, आणि नवे साहेबही आले. हेडक्लार्क तातेराव माझ्याकडे बघून हसले.

"देवानंद, हातवाली खुर्ची साहेबाला असती. तू कधी साहेब झाला?"

"घरून आणल्येली हाय, भाऊसाहेब."

"घरची असो न्हाई तर सासऱ्याची. हात काढ, मंग बस खुशाल."

देवानंदला नोकरीत कायम व्हायचे होते. त्याने घरून करवत आणली आणि माझे हात स्वतःच कापले.

त्या दिवसापासून त्याची कोपरे अधांतरी राहिली. खांदे कानांकडे चढले, मान यंत्रावर झुकली. आधी करंगळीला मुंग्या आल्या. तो टेबलाखाली हात झटकी आणि कोणाला सांगत नसे. पुढे हातातला चहाचा कप निसटला. "झोप झाली न्हाई का?" तातेरावांनी विचारले. तो हो म्हणाला.

कायम होण्याच्या परीक्षेत त्याची बोटे अक्षरांवर पडली, पण उठली नाहीत. तो नापास झाला, हंगामी कामही सुटले; मला सायकलला बांधून तो घरी आला.

त्याची मुलगी बेबीनंदा टायपिंग शिकत होती. घरी यंत्र नव्हते. पुठ्ठ्यावर अक्षरे काढून ती माझ्यावर बसून सराव करी. कडूबा नवे हात बसवायला यायचे होते. तोवर देवानंद शेजारी बसला आणि त्याने तिच्या कोपराखाली आपला तळवा धरला.

"लटकू देऊ नको, माय."

"आबा, माझा भार लागून राह्यला का?"

"न्हाई."

कोपर तळव्यावरून घसरले होते. त्याच्या मुंग्या केव्हाच थांबल्या होत्या, तळवा बधिर झाला होता; त्याला ते कळले नाही. बेबीनंदाला कळले. तिने कोपर उचलून परत त्याच्या तळव्यावर ठेवले.

मित्रांनो, लिहिताना, टाइप करताना कोपराला आधार द्या. पहिल्या मुंग्या आल्या की थांबा आणि कोणाला तरी सांगा. मुंग्या थांबल्या म्हणजे हात बरा झाला, असे समजू नका.