हरकत नाही

"खाली बसा. उभ्याउभ्या उरकायची सही नाही ही," नोटरी वकीलबाई म्हणाल्या, तसं ईश्वरने कागदावर टेकवलेलं पेन उचललं.

भाईंदर पश्चिमेला स्टेशनजवळचा तो अरुंद गाळा. ईश्वर बसला, पण खुर्चीच्या कडेवर. तो लिफ्ट दुरुस्तीची कामं करायचा. मीरा रोडच्या एका सोसायटीची लिफ्ट सकाळपासून बंद होती आणि सेक्रेटरी फोनवर फोन करत होता. शेजारी त्याची बायको उर्मिला पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिचा धाकटा भाऊ दशरथ डायलिसिसवर होता आणि ती त्याला आपली एक किडनी देणार होती. हॉस्पिटलने नवऱ्याच्या संमतीचं प्रतिज्ञापत्र मागितलं होतं. उद्या प्रत्यारोपणाला मंजुरी देणाऱ्या समितीची बैठक. कागद आज पोचला नाही, तर सगळंच पुढच्या महिन्यावर जाणार.

वकीलबाई वाचू लागल्या. "'माझ्या पत्नीच्या या निर्णयास माझी कोणतीही हरकत नाही. हे मी पूर्ण विचाराने, कोणाच्याही दबावाशिवाय...' बरोबर आहे ना? शपथेवर देताय."

ईश्वरचा फोन पुन्हा वाजला. त्याने तो कापला.

"नाही."

"काय नाही?"

"हरकत आहे माझी. पण सही करतो. द्या ना, मॅडम."

उर्मिलाने वळून त्याच्याकडे पाहिलं. घरी तो एकदाच 'तुला वाटतं तसं कर' म्हणाला होता. त्यानंतर विषय निघाला की हत्यारांची बॅग उचलून बाहेर पडायचा.

"मग मी शिक्का नाही मारणार," वकीलबाईंनी कागद बाजूला ठेवला. "खोटी शपथ माझ्यासमोर नको. बाहेर जाऊन दोघं बोला आधी. दुपारपर्यंत आहे मी."

बाहेर रिक्षांचे हॉर्न वाजत होते. ईश्वर शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत जाई आणि परत येई.

"एका जागी उभे राहा ना," उर्मिला म्हणाली. "एवढं मनात होतं तर घरी का नाय बोललात?"

"काय बोलणार? मरू दे तुझ्या भावाला, असं म्हणू? तुझ्या कडेवर वाढलाय तो."

"मग?"

"मग काय मग! तू आत गेलीस न् परत नाय आलीस तर? जो तो दशरथचं विचारतोय. दशरथ जेवला का, दशरथला सूज आहे का. तुला कोण विचारतंय?"

"तुम्ही तरी कुठे विचारलंत?"

ईश्वर थांबला. एक हातगाडीवाला "बाजू, बाजू" ओरडत अंगावर आला, तेव्हा उर्मिलानेच ईश्वरला दंडाला धरून कडेला ओढलं.

"भीती वाटतेय तुला?" त्याने विचारलं.

"वाटते ना. रात्रभर जागी असते मी. पण कोणाला सांगितलं तर म्हणतील, ही आता मागे हटतेय."

"हटायचंय?"

"नाही." ती लगेच म्हणाली. मग तिचा आवाज फुटला. "पण घाबरायचंय मला. तुमच्यासमोर तरी घाबरू दे ना."

भर रस्त्यात ती रडू लागली. ईश्वरला काय करावं कळेना. त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तिने पदराने डोळे पुसेपर्यंत रस्त्याकडे पाठ करून, तिला झाकून उभा राहिला. फोन वाजत राहिला. त्याने तो बंदच करून टाकला.

दोघं आत आली. वकीलबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"वाचू परत?"

"वाचा."

त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. 'हरकत नाही' आलं तेव्हा ईश्वरने मान डोलावली. मग त्याने सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली. शिक्का खाडकन बसला, तेव्हा उर्मिला दचकली.

हॉस्पिटलकडे निघालेली रिक्षा खड्ड्यांतून उसळत चालली होती.

"भैया, जरा धीरे," ईश्वर म्हणाला. डॉक्टर डावी किडनी काढणार होते. त्याने उर्मिलाच्या पाठीमागून हात घालून तिची डावी कूस तळव्याने आवळून धरली.

"अहो, अजून कुठे काय झालंय?" ती हळूच म्हणाली.

"माहितेय," तो म्हणाला.

पुढे रस्ता चांगला लागला, तरी त्याने हात काढला नाही.