तिन्ही पेपर मीच छापते

मी चेन्नईजवळच्या अंबत्तूरच्या छापखान्यातली एक जुनी मशीन आहे. मित्रांनो, सकाळी तुमच्या दारात पडणारा पेपर माझ्याच पोटातून बाहेर येतो.

पूर्वी मी एकच पेपर छापत असे. तो लहान होता, पण कुणाला भीत नसे. तलावात सोडलेल्या घाण पाण्याची बातमी त्यात आली, की अधिकारी धावत तिकडे जात. आयुधपूजेला मला कुंकू लावून सगळे नमस्कार करत, तेव्हा ऊर भरून येई.

मग एका बड्या उद्योगपतीने तो पेपर विकत घेतला. पाठोपाठ आणखी दोन पेपर घेतले, एक टीव्ही चॅनलही घेतले. आता तिन्ही पेपर मीच छापते. नावे वेगळी, मालक एक.

त्याच मालकाच्या रंगाच्या कारखान्यात जनकोजी नावाचा कामगार टाकी साफ करताना विषारी वायूने गुदमरून मेला. मागूनही मास्क मिळाला नव्हता, असे त्याच्या सोबत्यांनी आमच्या बातमीदार हेमावतीला सांगितले. तिने ते लिहिले. पान माझ्यावर चढले, चाके फिरू लागली. इतक्यात संपादक राममूर्ती धावत आले.

"थांबवा! ही बातमी काढा."

"सार, यात खोटे काय आहे?" हेमावतीने विचारले.

"काहीच नाही," ते खाली मान घालून म्हणाले. "पण कारखाना आपल्याच मालकांचा आहे, अम्मा."

छापलेले कागद रद्दीत गेले. 'हृदयविकाराने कामगाराचा मृत्यू' एवढेच मी छापले. तिन्ही पेपरांत, शब्द न शब्द तेच.

दुसऱ्या दिवशी हेमावती राजीनामा देऊन निघाली, तर जनकोजीची बायको सरोजा छापखान्याच्या दारातच उभी होती.

"अक्का, त्यांचे हृदय चांगले होते. तुमचा पेपर खरे लिहीत नसेल, तर दुसऱ्या पेपराला सांगा की!"

"दुसराही इथेच छापतात, सरोजा."

"आणि तिसरा?"

हेमावतीने सरोजाचा हात धरला.

काही आठवड्यांनी त्याच टाकीत दुसरा कामगार उतरला, तसाच, मास्क न लावता. तोही परतला नाही. त्याच्याबद्दल मी एक ओळही छापली नाही.

मित्रांनो, माझी निगा उत्तम राखतात. तेल वेळेवर मिळते, धूळ रोज पुसतात. माझी काळजी करू नका. पेपर हाती घ्याल, तेव्हा तो कुणाच्या मालकीचा आहे हे मोठ्यांना विचारा. आणि खरे लिहिणारे जे थोडे उरले आहेत, त्यांना एकटे पाडू नका. मला थांबता येत नाही. तुम्हाला विचारता तरी येते.