विचारून आणि बघून

माणसाला नीट विचारलं की माणूस खरं सांगतो, असं ताईंचं ठाम मत होतं. मत कसलं, पोटापाण्याचा धंदाच होता तो. ताई एका संशोधन संस्थेत मुलाखती घ्यायच्या. लोकांच्या घरी जायचं, समोर बसायचं आणि कुणाला झोप का लागत नाही, कुणाचं कुणाशी का पटत नाही, हे हळूहळू काढून घ्यायचं. दार बोटभर उघडून "आम्हाला काही नको" म्हणणाऱ्या बायकासुद्धा शेवटी ताईंना आत घेत आणि निघताना "पुन्हा या हं" म्हणत. संस्थेत नवी आलेली पोरं आधी ताईंच्या हाताखालूनच जात.

या खेपेचा विषय होता, घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी कोण बोलतं आणि किती बोलतं. काम मोठं होतं, शेकडो घरांचं. पण माहिती गोळा करायची पद्धत एकच परवडणार होती. म्हणजे एक तर छापील प्रश्नावली वाटायची आणि भरून आली की गोळा करायची. नाहीतर मुलाखती घ्यायच्या. नाहीतर एक माणूस घरात दिवसभर नुसता बसवायचा, आणि त्याने काही न विचारता जे दिसेल ते टिपायचं. संस्था चालवणारे सर म्हणाले, आधी थोड्या घरांत तिन्ही करून बघू. जुळतंय का, कुठे फाटतंय, ते तपासू आणि मग ठरवू.

"नुसतं बघत बसायचं?" ताई म्हणाल्या. "सर, कोपऱ्यात परकं माणूस कागद घेऊन बसलं की घरातलं मांजरसुद्धा शहाण्यासारखं वागतं."

"म्हणून तर तुलना करायची ना, ताई."

"करा की. मी कुठे नाही म्हणतेय? शेवटी मुलाखतीवरच याल."

संस्थेत एक रीत होती. कुठलीही नवी पद्धत लोकांच्या घरावर सोडण्याआधी आपल्यापैकी कुणाच्या तरी घरावर चालवून बघायची. झोपेच्या अभ्यासाच्या वेळी हिशेबनीसांचं घोरणं असंच मोजलं गेलं होतं. त्यांची बायको अजून ऑफिसातलं कुणी भेटलं की हात धरून आभार मानते, की बाई, आता तरी यांना पटलं. या वेळी म्हातारं माणूस घरात असलेलं कोण, असा प्रश्न निघाला आणि पाच-सहा जणांबरोबर ताईंनीही हात वर केला. त्यांच्याकडे सासरे होते, घरात सगळे त्यांना बाबा म्हणत. आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर होते, आता गुडघ्यांमुळे खोलीतल्या खोलीत. ताईंना काळजीचं काही कारणच दिसलं नाही. गोळ्या वेळेवर, जेवण गरम, चादरी धुतलेल्या. कुणीही या आणि बघा.

छापील प्रश्नावली त्यांनी जेवणाच्या सुट्टीत भरून टाकली. 'घरातील ज्येष्ठांशी आपण रोज किती वेळ बोलता?' यावर त्यांनी 'साधारण अर्धा तास' या चौकटीत खूण केली. हात अडखळला नाही. उलट आपण कमीच लिहिलं, असं त्यांना वाटलं.

मुलाखत घ्यायला आली ती पेन्सिल. खरं नाव वेगळं, पण अंगाने तशी आणि कानामागे कायम ती खोचलेली, म्हणून ऑफिसात सगळे तिला पेन्सिलच म्हणत. ताईंचीच शिष्या. तिने दार लावून बाबांशी एकटीनेच बोलून घेतलं, कारण घरचं माणूस समोर असलं की उत्तरं गुळमुळीत होतात, हे ताईंनीच शिकवलं होतं. बाबांनी सांगितलं, "सूनबाई रोज संध्याकाळी बसते माझ्यापाशी. गप्पा होतात आमच्या. अर्धा तास कसा जातो कळत नाही."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ताईंनी दोन्ही कागद सरांपुढे ठेवले. "बघा. छापील आणि तोंडी, तंतोतंत. आणि आम्ही दोघं आधी एक अक्षर बोललो नव्हतो, शप्पथ."

हे मात्र खरं होतं. एक अक्षर बोलले नव्हते.

मग बघण्याचा दिवस आला. ताईंनी रजा काढली. पेन्सिल सकाळीच येऊन बाबांच्या खोलीच्या दारापाशी स्टूल टाकून बसली. तिथून खोली दिसायची आणि स्वयंपाकघराचा अर्धा ओटा दिसायचा. तिने सांगितलं, "ताई, मी नाहीच असं समजा. चहासुद्धा विचारायचा नाही मला."

"समजले. मलाच शिकवतेस होय!"

आणि ताई बाबांच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसल्या. "मग, बाबा? काय म्हणताय?"

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. "गोळी घेतली मी," ते म्हणाले.

"गोळीचं नाही हो. असंच. झोप लागली का?"

"लागली."

"स्वप्नबिप्न काही पडलं?"

"स्वप्न?" बाबांनी पांघरूण जरा वर ओढलं.

लोकांच्या घरी ज्या बाईला पहिल्या वाक्यातच दार उघडायचं, तिला या खोलीत पुढचं वाक्य सापडेना. त्यांनी खिडकीतल्या कुंडीबद्दल विचारलं. जुन्या बसच्या मार्गांबद्दल विचारलं. बाबांनी नीट, तुटक उत्तरं दिली, तपासनीस बसमध्ये चढल्यावर द्यावीत तशी. ताई उठून भांडी लावायला गेल्या, परत आल्या, पुन्हा बसल्या. दुपारी त्यांनी बाबांचा हात हातात घेतला. का घेतला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पेन्सिल बघतेय, हे डोक्यात होतं खरं. हात सुकलेला, हलका होता आणि ताईंच्या लक्षात आलं, हा हात आपण याआधी नुसताच असा कधी धरलेलाच नाही. रक्त काढणारा मुलगा आला होता तेव्हा धरला होता, हलू नये म्हणून.

बाबा दुपारचे झोपले नाहीत. जेवणही अर्धं टाकलं. ताईंनी दोनदा विचारलं, काही होतंय का? बाबा म्हणाले, "नाही, नाही. तू बस."

संध्याकाळी नवरा कामावरून आला. चपला काढतोय तोवर आतून हाक आली, "अरे, जरा इकडे ये. दार लोटून घे." दार लोटायला पेन्सिलचं स्टूल आडवं येत होतं, म्हणून ते तसंच राहिलं.

"मला एक सांग," बाबा म्हणाले. आवाज बसलेला होता. "त्या रक्ताचा रिपोर्ट आलाय ना?"

"आलाय की. केव्हाच. चांगला आलाय, बाबा."

"लपवू नका माझ्यापासून. मी काही लहान नाही. किती दिवस म्हणालेत डॉक्टर?"

"कसले दिवस? अहो, काय झालंय तुम्हाला?"

"ही सकाळपासून माझ्याशी बोलतेय," बाबा म्हणाले.

नवरा ताईंकडे बघून हसला. मग ताईंचा चेहरा दिसला आणि हसू तसंच ओठांवर राहिलं. पेन्सिलची मान खाली होती. ती लिहीत होती. लिहायलाच हवं होतं, कामच ते. पण तिचे कान लाल झालेले ताईंना दिसले आणि त्यांना वाटलं, फरशी दुभंगून आपल्याला आत घेईल तर बरं.

बाबांची समजूत काढायला बराच वेळ गेला. नवऱ्याने रिपोर्ट आणून एकेक ओळ वाचून दाखवली. शेवटी बाबांना पटलं आणि त्यांनी उरलेलं जेवण मागितलं. जिवावरचं टळल्यासारखे जेवले.

पेन्सिल निघाली तेव्हा ताई जिन्यापर्यंत गेल्या. ती म्हणाली, "ताई, नियम आहे आपला. कुटुंबाला कधीही माघार घेता येते, कारण द्यायचं नाही. तुम्ही दोघं हो म्हणालात तर मी हे घर काढून टाकते. कुणाला कळणारही नाही."

"दोघं?"

"तुम्ही आणि आजोबा. त्यांचीही संमती घेतली होती ना."

हा नियमसुद्धा ताईंनीच तिला शिकवला होता.

बैठक दोन दिवसांवर आली होती. घर काढलं तर ताईंचे दोन कागद जुळलेले राहणार आणि त्यांचं ते ठाम मतही तसंच राहणार. घर ठेवलं तर आजचा दिवस सगळ्यांसमोर वाचला जाणार. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी द्यायला गेल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "बाबा, ती मुलगी बसली होती ना काल, तिचं लिहिलेलं रद्द करता येतं. तुम्ही हो म्हणायला हवं."

"कर ना रद्द," बाबा लगेच म्हणाले. "तिला सांग, मी तोंडाने सांगितलंय तेच ठेव."

"पण ते खरं नाहीये, बाबा."

"मग काय सांगायचं होतं? तुझ्या हाताखालची पोर ती. तुझ्याबद्दल विचारत होती. तुझी मान खाली जाईल असं मी बोलू?" त्यांनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले. "आणि अगदीच खोटं कुठे? तू रोज येतेस, गोळी घेतली का विचारतेस, मी घेतली म्हणतो. झालं की बोलणं."

ताईंना वाटलं होतं, ते रागावतील, निदान टोमणा तरी मारतील. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. घरोघर फिरून त्यांनी किती म्हाताऱ्यांकडून 'सून फार करते हो' असं ऐकलं होतं! प्रत्येक वेळी त्यांनी ते विश्वासाने उतरवून घेतलं होतं. त्या सगळ्या खोल्या एकामागून एक डोळ्यांपुढून जायला लागल्या आणि त्या पाण्याचा पेला तसाच हातात धरून उभ्या राहिल्या.

"मी नाही काढणार, बाबा," त्या म्हणाल्या.

"तुझी मर्जी. पण माझं नाव नको कुठे."

"नाव नसतंच."

बैठकीत घरांना अक्षरं दिलेली होती. अर्धा तास लिहिणारी घरं बरीच होती आणि कुठलं कुणाचं, हे ते घर बघून आलेल्यालाच माहीत होतं. एकेक घर पुढे येत गेलं. काही ठिकाणी तिन्ही पद्धती जुळत होत्या, काही ठिकाणी थोडं मागेपुढे. मग पेन्सिलने ताईंच्या घराचा कागद उचलला, ताईंकडे पाहिलं आणि सपाट आवाजात वाचायला सुरुवात केली. 'ही सकाळपासून माझ्याशी बोलतेय' या वाक्यापाशी हिशेबनीस खोखो हसले. मग सगळेच हसले. सरांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"बिचारा म्हातारा!" कुणीतरी म्हणालं. "मरणाच्या भीतीने अर्धमेला केला की त्याला."

आकडेवारी सांभाळणारे गृहस्थ म्हणाले, "हे घर वगळा, सर. किंवा ठेवा, उदाहरण म्हणून. बघायला माणूस बसवला की घर कसं बिघडतं, याचा पुरावाच आहे हा. छापील आणि मुलाखत दोन्ही सांगतात अर्धा तास. बघणाऱ्यामुळे सगळा गोंधळ. ताई म्हणत होत्या तेच खरं."

सगळे ताईंकडे वळले. हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. घर तसंच ठेवूनही त्या जिंकत होत्या. नुसती मान हलवायची होती. खोटंसुद्धा बोलायचं नव्हतं.

"घर बिघडलं नाही," ताई म्हणाल्या. स्वतःचा आवाज त्यांना परका वाटला. "त्या बाईने बघणाऱ्यासाठी नाटक केलं, हे बरोबर. पण सून जवळ येऊन बसली म्हणून तो माणूस घाबरला. रोज बसत असती तर घाबरला असता का? हे छापील कागदात आलं नाही. मुलाखतीतही आलं नाही, कारण त्याने तिला सांभाळून घेतलं."

"हा तुमचा अंदाज झाला, ताई."

"अंदाज नाही. ते घर माझं आहे."

हिशेबनीस आपली बोटं बघत बसले. सरांनी चष्मा पुन्हा घातला आणि कागद सरळ करण्यात बराच वेळ घालवला. ताईंना वाटलं होतं, बोलून टाकलं की मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. कानशिलं तापली होती आणि बैठक संपेपर्यंत ती तशीच तापलेली राहिली. ठरलं ते असं, की आधी बघायचं, तेही एका दिवसावर न भागवता, घरातली माणसं बघणाऱ्याला विसरेपर्यंत, आणि मग जे दिसलं त्यावर विचारायचं. घरं कमी झाली तरी चालतील. ताईंनी त्याला हात वर केला. जिन्यात हिशेबनीस भेटले आणि उगाचच म्हणाले, "आमच्याकडेही आई आहे, ताई." आणि पुढे न बोलता भरभर उतरून गेले.

घरी आल्यावर ताईंनी हातपाय धुतले आणि सरळ बाबांच्या खोलीत गेल्या. छोट्या टीव्हीवर फुटबॉलचा सामना चालू होता. त्यांनी खुर्ची ओढली.

बाबांनी मान वळवून त्यांच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं. स्टूल नव्हतं. तरी त्यांनी विचारलं, "आलीय का ती?"

"नाही, बाबा. कुणी नाही."

"मग?"

"मग काही नाही. मीच आलेय."

बाबांनी जरा विचार केला. "बरं," ते म्हणाले. "पण आता बोलू नकोस. शेवटची काही मिनिटं राहिलीत."

ताई गप्प बसल्या. कोण कुणाविरुद्ध खेळतंय, हेही त्यांना कळत नव्हतं, आणि विचारायची चोरी होती.