मोहाच्या बुडाशी ठेवलेली कुऱ्हाड

ज्या वर्षी सरकारच्या मनात आलं की जंगलातली जनावरं वाचली पाहिजेत, त्याच वर्षी चैत्रात चांदा जिल्ह्यातल्या कोसमटोल्याला एक जीप येऊन थांबली. जीपमागं ट्रक, ट्रकात तंबू, खुर्च्या, बर्फाची पेटी आणि मेणकापडात गुंडाळलेला कॅमेरा. तो कॅमेरा दोन माणसांनी इतका जपून उतरवला की बाळंतिणीलाही कुणी तसं उतरवत नाही. साल छप्पन्न. कोसमटोल्यात गोंडांची पन्नासेक घरं होती आणि रस्ता म्हणजे ठेकेदाराच्या लाकूडगाड्यांनी पाडलेली चाकोरी.

सोमारी तेव्हा बोडीच्या काठावर, आपल्या मोहाखाली वाकून फुलं वेचत होती. बोडी म्हणजे बांध घालून अडवलेलं गावचं तळं, आणि त्याच्या उगवतीच्या काठावर हा एकच भला थोरला मोह. सोमारी साठीला टेकलेली. तरुणपणी नवरा गेला तेव्हा ती माहेरी परतली आणि भावानं तिला शेताऐवजी हे झाड दिलं. कोसमटोल्यात प्रत्येक मोहाला धनी असे. जमीन सरकारची, जंगल सरकारचं, पण कुठला मोह कुणाच्या घरचा हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. चैत्रात पहाटे पडलेली फुलं वेचायची, वाळवायची, कोठीत भरायची आणि आषाढ-श्रावणात घरातलं धान्य संपलं की तीच शिजवून खायची. सोमारीच्या पोटाला दुसरा आधार नव्हता. त्या झाडाला ती 'माहा भाऊ' म्हणे, कारण खरा भाऊ तर केव्हाच वारला होता.

जीपमधून उतरले ते मुंबईचे केळुसकरसाहेब. त्यांना 'आपले वनधन' नावाचा माहितीपट काढायचा होता. तो गावोगाव दाखवायचा आणि अडाणी जनतेला समजावायचं की बाबांनो, झाडं तोडू नका, वाघ मारू नका. कोसमटोल्यातल्या कुणी आजवर वाघ मारला नव्हता. मारायचे ते परवाना घेऊन येणारे, डाकबंगल्यात उतरणारे साहेबलोक. पण ते इंग्रजी सिनेमे पाहत, त्यामुळे त्यांना मराठीतून समजावणं शक्य नव्हतं.

साहेबांच्या दिमतीला रेंजर गुणवंतराव. सहा वर्षं जंगलात सडल्यावर त्यांना चांद्याला बदली हवी होती. सिनेमात आपलं नाव झळकलं तर वरच्यांची नजर पडेल, या आशेवर ते केळुसकरांची खुर्ची स्वतः उचलून सावलीत ठेवत. आणि त्यांच्या मागं-मागं नाकेदार मुखरू, शेजारच्याच गावचा. जंगलात कोण आलं-गेलं ते पाहणं हे त्याचं काम, पण त्या महिन्यात त्याला साहेबांचं बोलणं गावाला आणि गावाचं साहेबांना सांगण्यातच दिवस पुरेना.

चार दिवस केळुसकरसाहेब मचाणावर बसले. वाघ आला नाही. डास मात्र एकूण एक आले. पाचव्या दिवशी त्यांनी नागपूरला तार केली आणि तिथं मुक्कामाला असलेल्या एका सर्कशीतून वाघ मागवला. वाघाचं नाव सुलतान. पिंजऱ्यातून, गोणपाटाखाली झाकून तो कोसमटोल्याला आला. दुतर्फा जंगल होतं, पण रस्त्यात त्याला धूळ लागू नये म्हणून काळजी घेतली होती. त्याच्याबरोबरच्या माणसानं सांगितलं, "हा सकाळी नऊलाच बाहेर येईल. त्याची खाण्याची वेळ तीच."

इथंच घोडं पेंड खायला लागलं. सकाळी नऊला मोहाची सावली नेमकी बोडीच्या काठावर पडे. सावलीत वाघाचे पट्टे दिसणार नाहीत, असं कॅमेरावाला म्हणाला. केळुसकरसाहेबांनी डोळ्यांपुढं हाताची चौकट धरली, त्या चौकटीतून मोहाकडं पाहिलं आणि म्हणाले, "हे झाड मध्ये येतंय."

गुणवंतरावांनी त्याच दुपारी कागद केला. 'धोकादायक झाड' असा शेरा मारला. धोका कुणाला, ते लिहायचं राहून गेलं.

मुखरूनं बातमी सांगितली तेव्हा सोमारीच्या हातातली टोपली खाली पडली. ती तशीच तंबूवर गेली. केळुसकरसाहेब खुर्चीत होते, गुणवंतराव उभे होते.

"साहेब, तुम्हाले वाघ पाह्यजे ना?" ती म्हणाली. "खालच्या डोहावर रोज येते. मी दाखवतो तुम्हाले. माह्या झाडाले काऊन तोडता?"

"डोहापर्यंत जीप जाते काय?" गुणवंतरावांनी विचारलं.

"जीप नाई जात जी. वाघ पायीच येते."

मुखरूनं ते मुंबईच्या मराठीत सांगितलं. केळुसकरसाहेब खूश झाले. "विलक्षण! या लोकांचं निसर्गाशी किती जवळचं नातं आहे! पण बर्फाची पेटी कोण उचलणार?"

"मंग बरफ इथीच ठेवा ना," सोमारी म्हणाली. हे मुखरूनं सांगितलंच नाही. त्याला नोकरी टिकवायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाकूडकटाईवरचे दोन मजूर आले, बुधू आणि दसरू. त्यांच्या हातातली कुऱ्हाड रेंज ऑफिसची होती. पात्यावर सरकारी शिक्का आणि अकरा नंबर. त्यांना हे काम नको होतं. मोहाला कुऱ्हाड लावणं त्या भागात कुणाच्या हातून सहजी होत नसे. पण रेंजर स्वतः उभे होते. बुधूनं कुऱ्हाड उचलली तोच सोमारी धावत आली, तिनं ती त्याच्या हातातून हिसकली, पातं मातीकडं करून झाडाच्या बुडाशी ठेवली आणि बाजूला उभी राहिली.

कोसमटोल्याकडं ती रीत होती. झाडाच्या धन्यानं, तोडायला आलेली कुऱ्हाड अशी बुडाशी ठेवली की त्या झाडाला कुणी हात लावायचा नाही, आणि ठेवणाऱ्याशिवाय ती कुऱ्हाडही कुणी उचलायची नाही. मग पंच बसणार, दोघांचं ऐकणार. ठेवणाऱ्यानं स्वतःच कुऱ्हाड उचलली तर त्यानं आपलं म्हणणं मागं घेतलं असं समजायचं. बुधू आणि दसरू लगेच चार पावलं मागं सरले. त्यांना सुटल्यासारखं झालं.

केळुसकरसाहेब मात्र खुर्चीतून उडालेच. कुऱ्हाड घेऊन मोहाकडं धावणारी, केस सुटलेली म्हातारी! असं दृश्य मुंबईत मागून मिळत नाही. फक्त कॅमेरा तेव्हा चालू नव्हता. "पुन्हा!" ते ओरडले. "तिला म्हणावं, पुन्हा कर!"

मुखरू सोमारीजवळ आला. "बाई, साहेब म्हणते, कुऱ्हाड उचल अन् पुन्हा तशीच धावत ये."

"उचलली तर माहं म्हणणं मागं घेतलं असं नाई होत काय?"

"पुन्हा ठेवजो ना मंग."

सोमारीनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. "साहेबाचं ऐकलं तर झाड राहीन काय रे?"

मुखरूनं खाली पाहिलं. "राहीन बहुतेक," तो म्हणाला. तो खोटारडा माणूस नव्हता. त्याला खरंच वाटलं, साहेबांना हवं ते मिळालं की ते खूश होतील आणि खूश माणूस झाड कशाला तोडेल?

मग सोमारी धावली. कॅमेऱ्याच्या काचेवर उन्हाची तिरीप आली, म्हणून पुन्हा धावली. एक कुत्रं मध्ये आलं, म्हणून तिसऱ्यांदा धावली. "चेहऱ्यावर राग पाहिजे," केळुसकरसाहेब म्हणाले. "राग आहेच जी," मुखरूनं हळूच सांगितलं. साठीच्या त्या बाईला धाप लागली होती. तीनदा तिनं आपलं म्हणणं मागं घेतलं आणि तीनदा पुन्हा मांडलं. बुधू आणि दसरू ते पाहत होते, आणि परक्यांच्या डोळ्यांदेखत आपली रीत खेळ होऊन जावी याची लाज दोघांनाही वाटत होती. शेवटी तिनं कुऱ्हाड बुडाशी दाबून ठेवली आणि घरी जाऊन निजली.

सकाळी ती आली तेव्हा झाडाला आरा लागला होता. आरा ओढणारी दोन माणसं गुणवंतरावांनी डेपोवरून आणवली होती, परमुलखातली.

"कुऱ्हाड आहे ना तिथी!" सोमारी किंचाळली.

"आहे ना," गुणवंतराव म्हणाले. "तिले कोण हात लावून राह्यलं? हा आरा आहे, बाई."

गावचे पंच जमले होते. ते एकमेकांकडं पाहू लागले. कुऱ्हाडीची रीत त्यांना आजोबा-पणजोबांपासून पाठ होती, पण आऱ्याबद्दल आजोबांनी काही सांगून ठेवलं नव्हतं. त्यांचं ठरेपर्यंत मोह करकरला आणि बोडीच्या अंगावर आडवा झाला. कॅमेरा या वेळी चालू होता. त्या वर्षीची सगळी फुलं एकदम पडली. सोमारी मधे जाऊन बसली, आणि काय करावं ते न सुचून फुलं वेचू लागली. वेचता वेचता ती मोठ्यानं रडत होती. केळुसकरसाहेबांनी कॅमेरा बंद करायला सांगितला, कारण हे विषयाला सोडून होतं.

नऊ वाजता सुलतानाचा पिंजरा उघडला. त्यानं जंगलाकडं एकदा पाहिलं आणि तो ट्रकखाली जाऊन बसला. तासभर मांसाची बादली हलवल्यावर तो काठापर्यंत आला, दोन घोट पाणी प्याला आणि स्वतःच पिंजऱ्यात परतला. अंगावर ऊन लख्ख होतं. पट्टे झकास दिसले.

पावसाळा सोमारीनं कसा काढला ते सांगण्यात अर्थ नाही. कंद खणले, शेजाऱ्यांनी घास-घास दिला, आणि श्रावण सरता सरता ती पार वाळून गेली. दरम्यान सरकारनं चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून उचलून मुंबई राज्यात ठेवला. माघात माहितीपट दाखवणारी सरकारी प्रचाराची गाडी कोसमटोल्याला आली. दिवेलागणीला दोन बांबूंमध्ये पांढरं कापड ताणलं गेलं. पुढच्या खुर्च्यांवर नवे तहसीलदार आणि गुणवंतराव बसले. बदली अजून झालेली नव्हती.

कापडावर बोडी आली. लोक चेकाळले, "आपली बोडी!" सुलतान आला, पाणी प्याला. "हा आपला नोहे," कुणीतरी म्हणालं. मग कापडावर सोमारी आली. केस मोकळे, हातात कुऱ्हाड, चेहऱ्यावर राग. ती धावत मोहाकडं गेली, कुऱ्हाड बुडाकडं गेली, आणि लगेच मोह कोसळला. एक गोड, भारदस्त आवाज सांगत होता, "अज्ञानाने आंधळे झालेले हे हात आपल्याच अन्नदात्यावर घाव घालत आहेत..."

कुणीतरी हसलं. सोमारी उभी राहिली. "मी तोडलं नाई!" ती कापडाकडं हात करून ओरडली. "मी वाचवून राह्यली होती त्याले! लबाड बोलते हे!" पण कापडावरच्या आवाजाला ऐकू येत नव्हतं. तो आता जमिनीच्या धुपीबद्दल बोलत होता.

तहसीलदार नवे होते, मनाचे सज्जन होते, आणि माहितीपट पाहून त्यांचं मन खरोखर हेलावलं होतं. ते गुणवंतरावांकडं वळले. "या बाईवर केस केली होती ना?"

गुणवंतराव खुर्चीतून अर्धे उठले. "चौकशी चालू आहे, सर."

"मग उद्या सकाळी पंचनामा करूनच टाका. मी थांबतो."

सकाळी सगळे बोडीवर गेले. थोटकाचा वरचा भाग आऱ्यानं कापल्यासारखा सपाट होता, आणि बुडाशी, गेल्या चैत्रात ठेवली तशीच, कुऱ्हाड होती. दांड्याला वाळवी लागली होती, पात्यावर गंज चढला होता. दहा महिन्यांत तिला कुणी हात लावला नव्हता. तिच्या आजूबाजूला कुणी गुरं घातली नव्हती, शेळी बांधली नव्हती. थोटकातून गुडघाभर उंचीचे पाच-सहा तांबूस फुटवे वर आले होते.

मुखरू मांडीवर कागद घेऊन बसला. ओणवा होऊन त्यानं पात्यावरचा गंज अंगठ्यानं घासला आणि खालचे आकडे बोटानं चाचपले.

"काय आहे?" तहसीलदारांनी विचारलं.

"शिक्का आहे जी. रेंज ऑफिस, नंबर अकरा." "हत्यार कोणाचं लिहू, साहेब?"

गुणवंतराव आभाळाकडं पाहू लागले. तहसीलदारांनी सपाट थोटकाकडं पाहिलं, कुऱ्हाडीकडं पाहिलं, रेंजरांकडं पाहिलं. त्यांना सगळं कळलं, आणि कळल्यावर काय करायचं ते मात्र कळेना. केस केली तर सरकारवर येणार, आणि माहितीपटाला तर दिल्लीहून शाबासकीचं पत्र आलं होतं. त्यांनी खाकरून घसा साफ केला. "बरं, पंचनामा राहू द्या. बाई, ती कुऱ्हाड उचल आणि रेंजरसाहेबांना देऊन टाक. झालं गेलं विसरून जा."

सोमारी हलली नाही.

"मी ठेवली, मीच उचलन," ती म्हणाली. "पण उचलली की माहं म्हणणं संपते. माहं झाड कुठी आहे ते दाखवा पयले. मंग उचलतो."

गुणवंतराव पुढं झाले, वाकले, आणि बुधू, दसरू, पंच, सगळं गाव आपल्याकडं पाहतंय हे ध्यानात येताच कुऱ्हाडीपासून वीतभर अंतरावर त्यांचा हात थांबला. त्यांनी तो मागं घेतला आणि पँटला पुसला.

तहसीलदारांनी त्या दौऱ्याचा अहवाल लिहिला. त्यात म्हटलं होतं की 'आपले वनधन' दाखवल्यावर कोसमटोल्यात आश्चर्यकारक जागृती दिसून आली, ग्रामस्थ आता तोडलेल्या झाडाच्या फुटव्यांनासुद्धा हात लावू देत नाहीत, सबब हा माहितीपट तालुक्यातल्या सर्व गावांत दाखवावा. तो दाखवलाही गेला. सोमारी जिथं बाजाराला जाई तिथं लोक तिला ओळखत, बोट दाखवत आणि आपल्या पोरांना सांगत, "पाह्य, हेच ते झाड तोडणारी."

मोहाच्या फुटव्याला फूल धरायला दहा-पंधरा वर्षं लागतात. सोमारीला हे माहीत होतं. तरी चैत्र लागला की पहाटे ती टोपली घेऊन बोडीवर जाई, कुऱ्हाड जागेवर आहे ना ते पाही, आणि फुटव्यांना हंडाभर पाणी घालून रिकामी टोपली घरी आणी.